वहिनीनं झाडलेली काच

दादाचा निरोप पुतणीनं फोनवर सांगितला, तेव्हा धाकटा कुणाच्या तरी खालच्या कवळीला पॉलिश करत बसला होता.

"काका, बाबांना ते विमान पुरं करायचंय. रविवारी याल का?"

"कोणतं विमान?" धाकट्यानं विचारलं.

विचारायची काही गरज नव्हती. दादाच्या घरात अपुरं राहिलेलं विमान एकच होतं, आणि ते अपुरं का राहिलं हे साऱ्या जगात एकट्या धाकट्याला ठाऊक होतं. पण वेळ काढायला हाताशी दुसरं काही नसलं की माणूस प्रश्न विचारतो.

"काचेवाचून राहिलेलं हो," पुतणी म्हणाली. "आईनं झाडलेल्या काचेचं."

हा धाकटा आता बावन्न वर्षांचा आहे, म्हणजे धाकटा म्हणायचं ते आपलं नावापुरतं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा त्याचा धंदा. त्याच्या हातचे दात लावलेला माणूस आरशात बघून स्वतःच चकतो, असं त्याचे डॉक्टर म्हणतात. हा हात त्याला दादामुळे मिळाला. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनीच्या नव्या संसारात पहिलं पोर आलं ते हे असं, आयतं, अकरा वर्षांचं आणि सदा कुरकुरणारं. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. शाळेचा डबा, फाटक्या चड्डीचं ठिगळ, तापातली जागरणं, सगळं तिनं निस्तरलं. दादानं एकच केलं. दर रविवारी त्याला शेजारी बसवून विमानं जोडायला शिकवलं.

दादा पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर नळांचे नि टाक्यांचे नकाशे काढायचा आणि घरी येऊन लढाऊ विमानं जोडायचा. सगळी मोठ्या युद्धातली, सगळी मूळ विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर. स्वतः दादा आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नव्हता. त्याला उंचीवर चक्कर येते.

आता झालं होतं असं, की दादाच्या डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं होतं. कडेचं तेवढं शिल्लक होतं. तुमचा चेहरा बघायचा तर तो तुमच्या कानापलीकडे बघायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडाही जातील, वर्षअखेर फार तर. वहिनीला जाऊन दहा महिने झाले होते. या दोन गोष्टी एकत्र झाल्या आणि दादाला विमान आठवलं.

फोन ठेवल्यावर धाकटा कपाटापाशी गेला. दातांचे संच रंगछटांप्रमाणे लावलेला एक खण होता, त्यात सगळ्यात मागे एक चपटी डबी होती. ती त्यानं उघडली नाही. आहे ना एवढं बघितलं आणि खण लावून टाकला.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाच्या हाती एक जुनं किट लागलं होतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे एखादा भाग हरवला तर दुसरा मिळायची सोय नाही. पाच महिने खपून दादानं ते रंगाच्या टप्प्यापर्यंत आणलं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच तेवढी वेगळी ठेवली होती. खरं तर ती पारदर्शक प्लास्टिकची, अंगठ्याच्या पेराएवढी, पण दादा काच म्हणायचा म्हणून सगळं घर काच म्हणायचं. ती पुसूनपासून कापसावर ठेवलेली होती आणि वर एक उपडा डबा.

काचेबाबत दादाचा एकच नियम होता आणि तो त्यानं शंभरदा सांगितला होता. काचेच्या आसपास सुपरग्लू उघडायचा नाही. त्याची वाफ काचेवर बसते आणि काच पांढरी होते. काच चिकटवायची ती साध्या पांढऱ्या गोंदानं.

त्या शनिवारी दादा कामावर होता. धाकट्याला अर्धी सुट्टी होती. विमान कुठवर आलंय ते बघावं म्हणून त्यानं उचललं आणि शेपटीखालचं चाक, काडीच्या टोकाएवढं, टेबलाच्या कडेला लागून तुटलं. सव्वीस वर्षांचा घोडा, पण दादाच्या विमानाचं चाक मोडलं म्हटल्यावर पुन्हा अकरा वर्षांचा झाला. त्यानं सुपरग्लूचा एक थेंब लावून चाक बसवलं. आणि ओल्या गोंदावर धूळ बसू नये म्हणून, इतकी अक्कल पाजळली की, विमान नेऊन त्याच डब्याखाली ठेवलं. काचेच्या शेजारी. वाफ बाहेर जायला फट नाही.

अर्ध्या तासानं डबा उचलला तर काच दुधासारखी झाली होती.

त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि कामाच्या जागी पळाला. तिथे पॉलिशचं चाक होतं, पेस्ट होती. संध्याकाळपर्यंत साफ करून आणू, कुणाला कळणारही नाही, असा हिशेब. हिशेब चुकला. संध्याकाळी तो परतला तेव्हा काच तशीच पांढरी खिशात होती, आणि दादा हातात टॉर्च घेऊन गुडघ्यांवर विमानांची खोली धुंडाळत होता. वहिनी दारात उभी.

"मी फक्त दुपारी केर काढला," ती म्हणत होती. "केरात काच असती तर मला दिसली असती."

"तुला ती कशी दिसते हे तरी माहीत आहे का?" दादानं विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिला ती कुणी कधी दाखवलीच नव्हती.

धाकटा पाणी पीत उभा होता. एक वाक्य पुरलं असतं, की वहिनी खोलीत यायच्या आधीच काच माझ्या खिशात होती. त्यानं दुसरा पेला भरला.

दादानं त्या दिवशी सांगून टाकलं की यापुढे या खोलीत धाकट्याखेरीज कुणी पाय टाकायचा नाही. रागात बोलला, पण बोलला ते बोलला. चार दिवसांनी धाकट्यानं काच जवळपास साफ केली. तोवर दादाची खोली इंच न इंच चाळून झाली होती, गादी उसवून बघितली होती. आता तिथे काच सापडली असती तर ती छतातून पडली असंच म्हणावं लागलं असतं. प्रकरण जरा थंड होऊ दे, मग सांगू, असं धाकट्यानं ठरवलं. मग त्याला वेगळं घर मिळालं. मग इतका उशीर झाला होता की सांगण्यात काय अर्थ, असं स्वतःला समजावायची सोय झाली.

दादा वाईट माणूस नव्हता. आठवड्यात राग गेला, बायकोशी पूर्वीसारखा बोलायला लागला, हसायला लागला. नियम मात्र राहून गेला, जसे घराघरांत नियम राहून जातात. वहिनीनं खोलीच्या दाराबाहेर एक स्टूल आणून ठेवलं. त्यावर चहाचा कप ठेवायची, दार दोनदा वाजवायची आणि जायची. पंचवीस वर्षं. तिची पोर मोठी झाली, तीही तसंच करायला लागली. आणि पाहुणे आले की दादाचा विनोद ठरलेला असायचा. हिच्या हातात झाडू देऊ नका, विमान उडून जाईल. सगळे हसायचे. वहिनीसुद्धा हसायची. धाकटाही.

पहिल्या रविवारी विमान कपाटातून काढलं. एक पंख सांध्यातून निघाला होता, सांध्यात भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, सुकून तडकली होती. दादानं ते हातात घेऊन बोटं फिरवली. नाकापासून शेपटीपर्यंत अंगठ्याचं नख सांध्यावरून नेलं. शेपटीपाशी येऊन बोट थांबलं.

"हे चाक मी नाही चिकटवलेलं."

"म्हणजे?"

"गोंदाचा गोळा आलाय इथं. माझा हात असा नाही."

"सव्वीस वर्षांपूर्वीचा हात तुझ्या आता लक्षात आहे का, दादा?"

"माझा हात माझ्या लक्षात आहे," दादा म्हणाला, पण वाद घातला नाही. हल्ली तो स्वतःवर पूर्वीसारखा ठाम राहिला नव्हता. धाकट्याला त्याचाही फायदा झाला, आणि झालेला फायदा त्याला खुपला.

मग काम सुरू झालं. दादा सांगायचा, धाकटा करायचा. पंख बसवला, लांबी भरली, पाण्यातल्या पॉलिश पेपरनं घासली. करड्या रंगाचा पातळ हात दिला की सगळे दोष वर येतात, ते पुन्हा भरले. पोटाला फिकट निळा, कारण खालून बघणाऱ्याला विमान आकाशात विरघळायला हवं. तो वाळल्यावर कडेला चिकटपट्टी लावून पाठीवर हिरवा आणि मातकट तपकिरी, वाकड्यातिकड्या पट्ट्यांत, म्हणजे वरून बघणाऱ्याला ते जमिनीत विरघळावं. पंखांवर चिकटवायच्या चिन्हांचा कागद इतक्या वर्षांत पिवळा पडला होता. तो दादानं खिडकीच्या तावदानाला आतून चिकटवायला लावला. तीन आठवडे ऊन खाऊन पिवळेपणा उडाला.

"घाई नाही करायची," दादा सांगायचा. "रंग जाड बसला की विमान खेळणं दिसतं."

आणि दोन वाजले की दार दोनदा वाजायचं. पुतणी स्टुलावर चहा ठेवून जायची. धाकटा उठून कप आत घ्यायचा. दर रविवारी त्याला वाटायचं की आता सांगावं, चहा गरम आहे तोवर. दर रविवारी चहा पिऊन व्हायचा.

पाचव्या रविवारी काचेचा विषय निघालाच.

"काचेचं मी बघतो," धाकटा म्हणाला. "दातांना रात्री लावायचे पारदर्शक साचे करतो ना मी, त्याच यंत्रावर होईल. लाकडाचा ठोकळा घडवायचा, वर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून ओढायचा. नवी काच."

दादा खूश झाला. कानापलीकडे बघत म्हणाला, "तुझा धंदा कामी आला म्हणायचा."

ही पळवाट होती आणि चांगली प्रशस्त होती. नवी काच बसेल, विमान पुरं होईल, जुनी डबी जिथे आहे तिथे राहील. धाकट्यानं ठोकळा घडवला. पहिली काच जाड आली, दुसरीला सुरकुती पडली, तिसरी झकास जमली. ती घेऊन तो सहाव्या रविवारी निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात पुतणी त्याच्या कामाच्या जागी आली. हातात वहिनीची शिवणाची डबी.

"आईचं सामान आवरतेय," ती म्हणाली. "यात एक पिशवी सापडली. तुम्ही बघा म्हटलं, बाबांना आता काही दिसत नाही."

कापडाची लहान पिशवी होती, नाडीची. तिनं ती टेबलावर रिकामी केली. मनगटी घड्याळाची काच. अत्तराच्या बाटलीचं बूच. दोन पारदर्शक बटणं. टॉर्चचं फुटकं भिंग. झुंबरातला एक लोलक. पेनाचं टोपण. औषधाच्या बाटलीचा तुकडा, कडा घासून बोथट केलेला, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

"हे काय?"

"ती झाडताना बघायची ना. कपाट हललं, गादी उचलली, कुणाच्या घरी गेलो तरी. पारदर्शक काहीही सापडलं की ठेवायची. ती काच कशी होती हे तिला माहीतच नव्हतं, काका. मग प्रत्येकच ठेवायची, न जाणो हीच असली तर." पुतणी जरा हसली. "हॉस्पिटलातसुद्धा मला म्हणाली, कपाटाखाली एकदा नीट बघ. बघा ना, यातली एखादी असेल का?"

"ठेवून जा," धाकटा म्हणाला. "बघतो." 

ती गेल्यावर त्यानं ते तुकडे एकेक करून उलटून बघितले. आपण काय केलं हे त्याला सव्वीस वर्षं माहीत होतं, पण त्याचं वजन आज कळलं. त्याची कल्पना होती की सुरुवातीचे काही महिने सोडले तर वहिनी ते विसरली असेल, विनोदावर हसते म्हणजे तिला काही वाटत नसेल. ती शोधत होती. जी वस्तू त्याच्या खणात होती ती ती दुसऱ्यांच्या घरांत, पलंगांखाली शोधत होती.

मग त्यानं खण उघडला आणि डबी काढली. काच अजून तशीच होती, स्वच्छ. फक्त आतल्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, जिथे पॉलिशचं चाक पोचत नाही तिथे, नखाएवढं धुकं राहिलं होतं.

इथे धाकट्यानं जे केलं ते त्याला त्या वेळी फार चांगलं वाटलं. त्यानं ती काच वहिनीच्या पिशवीत टाकली, बटणं आणि लोलक यांच्यामध्ये, आणि नाडी ओढली; नवी काच खणातच ठेवून दिली. वहिनीला ती सापडली असं होऊ दे. तिनं शोधली, तिला मिळाली, तिला कळलं नाही एवढंच. तिचं नाव राहील, दादाचं विमान पुरं होईल आणि कुणाला काही कबूल करावं लागणार नाही. शेवटचं कारण त्यानं स्वतःशी सगळ्यात शेवटी घेतलं, पण खरं पहिलं तेच होतं.

दादाच्या खोलीत पिशवी उघडून त्यानं एकेक तुकडा दादाच्या हातावर ठेवला. प्रत्येक तुकडा कुठला ते सांगत गेला. दादा बोटांनी चाचपत होता. बटणापाशी थांबून म्हणाला, "हे आठवतं."

"आणि ही बघ," धाकटा म्हणाला. आवाजात आश्चर्य आणायची त्यानं वाटेत तयारी केली होती. "दादा, ही तीच आहे."

दादानं काच घेतली. खिडकीकडे तोंड केलं, मान तिरपी केली आणि डोळ्याच्या कडेनं बघितलं. मग चौकटीच्या रेघांवरून नख फिरवलं, एक, दोन, तीन. धाकटा वाट बघत होता की आता तो हसेल.

"म्हणजे तिच्याकडे होती," दादा म्हणाला.

"तिला कुठं ठाऊक होतं ही काय आहे. सापडली, ठेवली."

"नाही." दादा सावकाश बोलत होता, नकाशावर माप घेत असल्यासारखा. "तिला काही सापडलं की ती दारात यायची. आत नाही, दारात. हात पुढे करून विचारायची, हीच का. हे बटण दाखवलं होतं तिनं. टॉर्चचं भिंग दाखवलं होतं. सगळं दाखवलं होतं, आणि मी दर वेळी हसलो होतो. हीच एक दाखवली नाही."

धाकट्याला काय होतंय ते कळायला लागलं.

"लपवली तिनं," दादा म्हणाला. "मी खोली बंद केली त्याचा राग. आणि ही कशी स्वच्छ ठेवलीय बघ, पुसून पुसून. इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपली आणि ही तिच्या शिवणाच्या डबीत. मला वाटायचं तिच्या पोटात काही राहत नाही." त्यानं काच टेबलावर ठेवली. विमानाजवळ नाही, बाजूला. "आता भांडायलाही ती नाही."

वहिनीला एकदा खोटं पाडून झालं होतं. आता मेल्यावर पुन्हा पाडलं, आणि या खेपेला धाकट्यानं स्वतःच्या हातानं, चांगुलपणाच्या भरात. दादा उरलेलं आयुष्य आंधळा होऊन याच एका गोष्टीचा विचार करत बसेल, हे धाकट्याला स्वच्छ दिसलं.

"वहिनीनं नाही लपवली," तो म्हणाला. "मी लपवली."

"गप्प बस. गेलेल्या माणसावर पांघरूण घालतोयस."

"दादा, ती पिशवीत मी टाकली. आज सकाळी. माझ्याकडेच होती."

"आणि तुझ्याकडे कशाला येईल?"

"शेपटीचं चाक माझ्या हातून मोडलं. सुपरग्लूनं चिकटवलं. आणि डब्याखाली ठेवलं विमान, काचेबरोबर."

दादाचा हात टेबलावर पडला होता तो हलला नाही.

"आतल्या बाजूला मागच्या कोपऱ्यात नख लाव," धाकटा म्हणाला. "धुकं राहिलंय. बाकीचं मी काढलं, तेवढं निघालं नाही."

दादानं काच पुन्हा उचलली. करंगळीचं नख आत घातलं. असं धुकं गुळगुळीत काचेला खरखरीत करतं, आणि ते कशानं धरतं हे त्याला जगातल्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. वहिनीनं जन्मात कधी सुपरग्लूच्या नळीला हात लावला नव्हता. मग त्यानं दुसऱ्या हातानं विमान जवळ ओढलं आणि शेपटीखालचा गोंदाचा गोळा चाचपला. 

"हे धुकं पंधरा मिनिटांचं काम होतं," तो शेवटी म्हणाला. "मला दिली असतीस तर बारीक पेपर आणि टूथपेस्ट लावून मी पंधरा मिनिटांत काढलं असतं. आतलं कोपऱ्यातलंसुद्धा, काडीला कापूस लावून."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं नाहीस."

 माफ कर म्हणायचं धाकट्याच्या तोंडाशी आलं होतं, पण ते जिला म्हणायचं ती इथे नव्हती, आणि दादाकडे ते मागणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर उभं राहणं होतं.

"ती दारात यायची, विचारायला, तेव्हा तू असायचास इथं," दादा म्हणाला. "रविवारी."

"हो."

"हे बटण घेऊन आली त्या दिवशी?"

"होतो."

"मी हसलो. तू?"

खोटं बोलायला आता काही हरकत नव्हती. ते पडताळून बघणारं कुणी उरलं नव्हतं.

"हसलो," धाकटा म्हणाला.

दादानं त्याच्याकडे बघितलं. या खेपेला कानापलीकडे नाही, सरळ तोंडावर. म्हणजे त्याला धाकटा दिसेनासा झाला असणार, मधे नुसता करडा डाग. 

दोन वाजले होते. दार दोनदा वाजलं आणि बाहेर स्टुलावर कप टेकल्याचा आवाज झाला.

"बारके," दादानं हाक मारली. पुतणीचं लहानपणीचं नाव होतं ते. "जाऊ नकोस. आत ये."

बाहेर काही हललं नाही. तिच्या बापानं तिला या खोलीत कधी बोलावलं नव्हतं, तेव्हा तिनं बरोबर ऐकलं की नाही याचाच ती विचार करत असणार.

"आत?"

"आत. आणि ते स्टूल घेऊन ये. इथं ठेव, टेबलाशी."

दार उघडलं. पुतणी एका हातात कप आणि दुसऱ्या हातात स्टूल घेऊन उंबरठ्यावर थबकली, मग आली. तिनं स्टूल टेबलाशी ठेवलं. तिची नजर आधी रंगवलेल्या विमानावर गेली, मग पसरलेल्या बटणांवर नि तुकड्यांवर, आणि मग दादाच्या चिमटीतल्या काचेवर.

"सापडली?" ती म्हणाली. "बाबा, आईच्या पिशवीत होती?"

दादानं काच तिच्या तळहातावर ठेवली. "बघून घे. अशी होती ती," तो म्हणाला. "तुझ्या आईला मी दाखवायला हवी होती." मग मान न वळवता धाकट्याला म्हणाला, "आता हिला सांग. मला सांगितलंस तसं नाही. शेपटीच्या चाकापासून सांग."

पुतणी स्टुलावर बसली. धाकट्याच्या हातात मघापासून एक कोरडा ब्रश होता. तो त्यानं खाली ठेवला. सव्वीस वर्षांपूर्वी दुसरा पेला भरण्याऐवजी बोलायचं वाक्य त्याला पाठ होतं, पण ते तोंडातून यायला वेळ लागला.

"शनिवार होता," तो म्हणाला. "तुझी आई केर काढायला या खोलीत आली, त्याच्या आधीच काच माझ्या खिशात होती."